राजा मेला नाही, अशी वदंता

मोरोक्कोतल्या अल्कासर किबीरच्या मैदानात ४ ऑगस्ट १५७८ रोजी पोर्तुगालचा राजा दोम सेबास्तियांव शत्रूच्या गर्दीत शिरला, तो पुन्हा दिसला नाही. वय २४. ना राणी, ना मूल. आफ्रिकेत धर्मयुद्ध करण्याचा हट्ट त्याचा स्वतःचाच होता, पण त्या हट्टाला खतपाणी घालणारे कमी नव्हते. गोव्यात बरीच वर्षं काढून परतलेल्या कामोंइशने १५७२ साली आपलं महाकाव्य त्यालाच अर्पण केलं होतं, मूरांवर चालून जाण्याच्या प्रोत्साहनासकट. कवींना मोहिमेचा खर्च सोसावा लागत नाही.

गादी म्हाताऱ्या चुलत आजोबाकडे, कार्डिनल हेन्रिककडे गेली आणि १५८० मध्ये तोही वारला. मग स्पेनच्या फिलिपने पोर्तुगाल घेतलं. त्याने सेबास्तियांवचं म्हणून एक शव लिस्बनला आणवून जेरोनिमुश मठात पुरलं. राजा मेल्याचा पुरावा फिलिपच्या सोयीचा, आणि नेमकं म्हणूनच लोकांना तो पटेना. पुढे बांधलेल्या थडग्यावरच्या लेखातही 'वार्ता खरी असेल तर' अशी पुस्ती आहे.

तोतये निघाले, एकूण चार. त्यातला एक माद्रिगालचा मिठाईवाला, त्याला १५९५ मध्ये फाशी झाली. व्हेनिसमध्ये प्रकटलेला इटालियन तर धड पोर्तुगीजही बोलत नव्हता. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्याला किती महागात पडला हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे या भोळेपणाला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

तोतये संपल्यावर ही कल्पना विरायला हवी होती. ती उलट मोकळी झाली. त्रांकोझू गावच्या बांदारा नावाच्या चांभाराने एका गुप्त राजाचं भाकीत करणारी पद्यं रचली होती. ती सेबास्तियांवच्या जन्माआधीची. १५४१ मध्ये इन्क्विझिशनने बांदाराची झडती घेतली तेव्हा हा राजा जन्मलाही नव्हता. म्हणजे वाट पाहणं आधीपासूनच चालू होतं, हरवलेला माणूस नंतर मिळाला. १६४० मध्ये ब्रागांसाचा ड्यूक जुआंव चौथा म्हणून गादीवर बसला आणि स्पेनची सत्ता उलथली, तेव्हा आंतोनियो व्हिएरा या जेझुइट धर्मगुरूने तीच भाकितं त्याच्या नावे लावली. जुआंव १६५६ मध्ये वारला. व्हिएरा डगमगला नाही. भाकीत खरं आहे, पुरं झालेलं नाही, तेव्हा राजा मेलेल्यांतून उठणारच, असं त्याने लिहून कळवलं. इन्क्विझिशनने त्याला कोठडीत टाकलं. मला त्या युक्तिवादात वेडापेक्षा तर्कशुद्धता जास्त दिसते. आडमुठी म्हणा हवं तर. राजा कोण हा प्रश्नच त्याने दुय्यम करून टाकला.

एवढी सैल झालेली कल्पना समुद्रही ओलांडून गेली. ब्राझीलमध्ये १८३८ साली पेद्रा बोनिता इथे सेबास्तियांवला शापमुक्त करण्यासाठी भक्तांनी माणसांचे, लेकरांचेही बळी दिले. पुढे १८८९ मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं, तेव्हा राजेशाहीच्या समर्थकांना हिणवायला सेबास्तियांवचंच नाव कामी आलं.

पोर्तुगालची राजेशाही १९१० मध्ये संपली. शेवटचा राजा मानुएल दुसरा इंग्लंडला गेला आणि जुनी पोर्तुगीज पुस्तकं जमवत तिथेच राहिला. पत्ता माहीत, पत्रव्यवहार चालू, तब्येत बरी. १९१९ मध्ये उत्तरेत राजनिष्ठांनी त्याच्या नावाने बंड केलं, ते महिनाभरही टिकलं नाही. १९३२ मध्ये तो निपुत्रिक वारला, शव लिस्बनला आलं आणि ते त्याचंच आहे याबद्दल कुणी शंका घेतली नाही. दोनच वर्षांनी फेर्नांदो पेसोआने कवितासंग्रह काढला, त्यात ज्याच्या परतण्याची आस धरली तो राजा होता सेबास्तियांव.