पहिला संशय कोणावर?

मे २०२५मध्ये गृहखात्याने पोलीस शिपायांनाही गुन्ह्याच्या तपासाचे अधिकार दिले. अटी तीन : पदवी, सात वर्षांची नोकरी आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. तेव्हापासून दोन तक्रारी कानावर येतात. वकीलमंडळी म्हणतात, शिपायाला तपासातले काय कळते? आणि निवृत्त साहेबमंडळी म्हणतात, तपास शिकवून येतो होय? तो रक्तात असावा लागतो, खबरे बाळगावे लागतात आणि (हे आवाज खाली आणून) हात चालवावा लागतो.

वकिलांशी माझे भांडण किरकोळ आहे. बारामती तालुका, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, कुठल्याही ठाण्यात जाऊन बघा. कागदावर तपासी अंमलदार फौजदार असतो. पंचनामा, जबाब, रिमांडचा अर्ज आणि दोषारोपपत्राचा मसुदा रायटरने, म्हणजे ठाण्यात लिखापढी करणाऱ्या शिपायाने, लिहिलेला असतो. साहेब कुठे असतात? बंदोबस्ताला. तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकीवरून इंदापूर. ती पुढे सरकली की साखर कारखान्याची निवडणूक, आणि मंत्र्यांचा दौरा तर बारामतीला बारमाही. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ सालीच सांगितले. पण सुरुवात १० लाखांवर वस्तीच्या शहरांपासून करायची होती. त्या रांगेत इंदापूरचा नंबर कधी लागायचा? तेव्हा जो लिहितो त्यानेच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी, यात अधर्म काही नाही.

साहेबांशी मात्र नीट भांडायला हवे, कारण त्यांचे मत एका पुस्तकाने १८९३ सालीच मोडीत काढले आहे. हान्स ग्रॉस हा ऑस्ट्रियातल्या ग्राझचा तपास-न्यायाधीश. खेड्यापाड्यांतले गुन्हे हाताळताना त्याला दिसले की कायदा शिकलेल्या माणसाला पावलाचा ठसा वाचता येत नाही. म्हणून त्याने जाडजूड हस्तपुस्तिका लिहिली. तिचे इंग्रजी रूप लंडनमध्ये नव्हे, मद्रासमध्ये तयार झाले. तिथल्याच दोन सरकारी वकिलांनी ते इकडच्या उपयोगासाठी बेतले आणि १९०६मध्ये छापले. त्याच सुमारास, फ्रेझर आयोगाने पोलिसांच्या अडाणीपणाचे आणि लाचखोरीचे वाभाडे काढल्यानंतर, आपल्या मुंबई इलाख्यात फौजदारांची शाळा निघाली. ती पुढे नाशिकला गेली.

ग्रॉसची तपासाची पिशवी प्रसिद्ध आहे. ठसे घ्यायला प्लास्टर, मेणबत्त्या, होकायंत्र, लाख, शपथेसाठी छोटा क्रूस आणि मुलांना बोलते करण्यासाठी गोळ्या-मिठाई. मला ही शेवटची वस्तू फार मोलाची वाटते. घाबरलेल्या पोराकडून माहिती कशी काढायची याचा विचार करून पिशवी भरणारा माणूस ‘हात चालवण्या’च्या परंपरेतला नव्हे. त्याचा मुख्य धडा असा : कोणत्या गोष्टीबद्दल कोणाला विचारायचे, हे कळणे म्हणजे तपास.

हा धडा आपल्याकडे आणून पाहू. निरा डावा कालवा वीर धरणापासून निघून पुरंदर, बारामती ओलांडत इंदापुरात उतरतो. समजा, इंदापूरच्या हद्दीत कालव्यात प्रेत मिळाले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पण माणूस पाण्यात पडला कुठे? त्या आठवड्यात आवर्तन चालू होते का, वेग किती, दार कोणत्या दिवशी उघडले, हे पोलिसांच्या दप्तरात नाही. ते पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत आणि पाटकऱ्याच्या डोक्यात आहे. रात्रीत डीपी (विजेचे रोहित्र) फोडून तांबे गेले, तर पहिला प्रश्न ‘कोणी नेले’ हा नव्हे. आधी विचारावे की वीज चालू होती की बंद, तेल कुठे सांडले, वायंडिंग कुठल्या हत्याराने काढले. वायरमन आणि भंगारवाला हे इथले तज्ज्ञ. हे सगळे शिकवता येते, आणि पदवीधर शिपाई ते साहेबांपेक्षा लवकर शिकेल, कारण पाटकरी त्याच्याशी मोकळा बोलेल.

इथवर वाद सोपा होता. आता ग्रॉसच्याच पुस्तकाचे पुढचे पान उलटू.

तपासाचा सर्वात मोठा वैरी म्हणजे आधीच बांधलेली समजूत, असे बजावणाऱ्या याच माणसाने जिप्सींवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. त्यांचे स्वभाव, त्यांच्या खोडी, त्यांची लबाडी. जणू माणसे नव्हेत, एखादी प्राणिजात. ठशाकडे इतक्या शांतपणे पाहणाऱ्या डोळ्याला पालात राहणारा माणूस दिसताच झापड आली. ती घरापर्यंत पोचली : मुलगा ओट्टो मनोविश्लेषक आणि बंडखोर, १९१३मध्ये बापाच्या सांगण्यावरून त्याला बर्लिनमध्ये पकडून वेड्यांच्या इस्पितळात टाकले. प्रागच्या विद्यापीठात ग्रॉसची व्याख्याने ऐकणाऱ्यांत फ्रान्झ काफ्का नावाचा एक विद्यार्थी होता. आपला गुन्हा कोणता हे कळण्याआधीच अटक झालेल्या माणसाची कादंबरी त्याने पुढे लिहिली, याचे मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे हे प्रकरण पुस्तकात राहिले नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला काटेरी तारेची सेटलमेंट उभी राहिली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सवय गेली का, हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात वाचावे. आजही उसाच्या पट्ट्यात घरफोडी झाली की गावकरी आणि पोलीस दोघांचीही पहिली नजर पारध्यांच्या पालाकडे वळते. खबऱ्याची ‘खबर’ म्हणजे बऱ्याचदा गावाचा जुना पूर्वग्रहच.

याचा हिशेब ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात झाला. नाशिकजवळ २००३मध्ये घडलेल्या बलात्कार व हत्यांच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली होती. २००९मध्ये त्याच न्यायालयाने ती सहाही जणांना कायम केली होती. दहा वर्षांनी फेरविचारात दिसले की, वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकाला ५ लाखांची भरपाई ठरली, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधण्याचा आदेश निघाला. हा तपास शिपायांचा नव्हता, अधिकाऱ्यांचा होता. अनुभव, हुद्दा, खबरे, सगळे हाताशी होते.

म्हणून ‘शिपाई की फौजदार’ हा वादच मला आता पोकळ वाटतो, आणि ‘सहा आठवडे की सहा महिने’ हाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. पण मोबाइल कोणाच्या दारासमोर उघडायचा हे त्याआधीच ठरलेले असते. समजुतीचे चित्रीकरण होत नाही. डोळा तयार करता येतो, हे ग्रॉसने सिद्ध केले. तयार डोळाही आंधळा असू शकतो, हेही त्यानेच.

मग शिकवायचे काय? उत्तर तयार पडून आहे. गुजरातमधल्या एका खटल्यात ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले : प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणे पोलीस आणि अभियोग पक्षाच्या वरिष्ठांनी तपासा, त्यातून नव्या तपासी अंमलदारांचा अभ्यासक्रम बनवा आणि तो दरवर्षी सुधारा. म्हणजे पाठ्यपुस्तक ग्रॉसचे नको, मद्रासचे नको, नाशिकचेही नको. ते बारामतीच्या सत्र न्यायालयात आणि इंदापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लिहिले जात असते, मराठी माणसांच्या नावागावांसह. पंच फितूर का झाला, मुद्देमालाचे सील कोणी मोडले, ओळखपरेड किती उशिरा झाली, पहिला संशय कोणी सुचवला आणि दुसरा कोणी घेतलाच नाही.

सहा आठवडे संपवून भिगवणला परतलेल्या शिपायाच्या हाती त्याच्याच ठाण्याचे असे पाच निकाल द्यावेत आणि त्याने वरिष्ठांसमोर सांगावे, चूक कुठे झाली. अडचण शिपायाच्या पात्रतेची नाहीच. ते पाच निकाल ज्यांच्या सहीने न्यायालयात गेले होते, त्यांनी त्या खोलीत बसून शिपायाचे ऐकायचे आहे. अशी शाळा सुरू करायला नवा अधिनियम लागत नाही, इमारत लागत नाही. साहेबांची तयारी लागते, आणि रक्तात तपास असलेल्या मंडळींची परीक्षा तिथेच आहे.