‘मॅनेज’ होणे

सातारा-सांगलीकडील जत्रेत कुस्त्यांचा फड भरला, की एक उद्गार केव्हातरी कानी पडतोच. दोन नावाजलेले मल्ल एकमेकांच्या खांद्यावर हात टेकून बराच वेळ रेंगाळतात, पंच कुस्ती बरोबरीत सोडवितात, आणि मागे बसलेला एखादा वृद्ध टोपी झटकून म्हणतो, “मॅनेज झाली!” त्या स्वरात संताप नसतो, हेच मला खटकते.

वस्तुतः हा इंग्रजी शब्द व्यवस्था पाहण्याचा. त्याचे मूळ इटालियन भाषेत असून घोडा हाताळणे, त्यास वळण लावणे, असा तेथे अर्थ होता. आमच्या लोकांनी तो मूळार्थच नकळत उजळविला म्हणा ना! मात्र घोड्याच्या जागी पंच आला, अर्ज मागे घेणारा उमेदवार आला.

आपल्याकडे या कृत्यास शब्द नव्हते असे नाही. ‘फितला’ म्हटले की फितणाऱ्याची इच्छा दिसते. ‘विकला गेला’ म्हटले की निदान बाजार तरी डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘मॅनेज झाला’ यात ना विकणारा, ना घेणारा. ताप यावा तसे ते माणसाला होते. याच मुलखात १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा लोकांनी त्या पुस्तकी नावाचे ‘पत्री सरकार’ केले. फितुराच्या पायांना बैलाप्रमाणे पत्र्या ठोकतात, ही दहशत त्या अक्षरपालटात सामावली होती. त्या शिक्षेचे समर्थन मी करीत नाही. परंतु त्या शब्दाला धार होती.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. आजच्या बोलीत त्यांनीही पैसे ‘मॅनेज’च केले! घर गहाण टाकणारा हात आणि पंचाच्या खिशाकडे वळणारा हात, दोहोंस एकच क्रियापद पुरते.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. मध्यंतरी एका कचेरीत अडकलेला दाखला घेऊन मी घरी आलो आणि मोठ्या समाधानाने म्हणालो, “केले एकदाचे मॅनेज.” पत्नी भाजी निवडीत होती. मान वर न करताच तिने विचारले, “म्हणजे किती दिले?”