हौस
रविवार उजाडला, की वह्या बाजूला सारून मी वडिलांच्या १९७८ सालच्या पद्मिनीखाली शिरतो. पॉइंट घासून त्यांतली फट नीट बसवली, की ती खोकत का होईना, बोलू लागते. सौभाग्यवती म्हणतात, एवढी सेवा खुद्द वडिलांची केली असती तर! असो.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा; ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्यांतल्याच एका भंगारात निघालेल्या टॅक्सीचा कार्ब्युरेटर तिच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने सोडवून मला दिला. मी घासाघीस करून दोनशे रुपये वाचवले! तो फडक्यात गुंडाळताना त्याने विचारले, “साहेब, रोज चालवता ना?”

“हो,” मी म्हणालो. साफ खोटे! महिन्यातून एकदा गाडी देवळापर्यंत जाते, इतकेच.

ज्या वस्तूने एक घर पोसले, तिने आता माझी हौस पोसली, तर त्यात गैर ते काय? भंगारवाल्याने ती वितळवलीच असती. हे सारे खरे. पण मग मी खोटे का बोललो? त्याचे मन राखायला, की माझे? निदान ते दोनशे रुपये तरी पाठवावेत म्हटले, तर त्याचा पत्ता विचारायचेही मला सुचले नव्हते.