कैफियत आणि कारण

२०२१ सालच्या जानेवारी महिन्यात हैदराबाद शहराच्या पोलिसांनी मैना रामुलू नावाच्या, वयाने पंचेचाळिशीच्या एका इसमास अटक केली आणि १८ स्त्रियांच्या खुनांचा आरोप त्याच्यावर असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या वार्तेबरोबरच तिचे स्पष्टीकरणही नगरभर फिरू लागले. एकविसाव्या वर्षी त्याचा विवाह झाला, पत्नी थोड्याच काळात दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून गेली, आणि तेव्हापासून समस्त स्त्रीजातीविषयीचा द्वेष त्याच्या मनात साठत गेला, असे ते स्पष्टीकरण होते. नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयांत ज्यांनी हयात घालवली, अशा एका वृद्ध वकीलबाईंशी या विषयावर माझा जो वाद झाला, त्याचा सारांश येथे देत आहे.

मी : बाई, कोणीही मनुष्य मातेच्या उदरातून खुनी म्हणून जन्मास येत नाही. ज्या आघाताने त्याचे अंतःकरण विदीर्ण झाले, तो आघात समजून घेतल्याखेरीज समाज असल्या मनुष्यास फार तर पकडू शकेल, त्याचे घडणे मात्र त्याला रोखता येणार नाही. २०११ साली या इसमास जन्मठेप झाली, त्याच वर्षी सरकारनेच त्याला एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात ठेवले, आणि वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरच्या रात्री, इतर कैद्यांसमवेत तो तेथून पसार झाला. पुढे २०१३ साली तो पुन्हा सापडला आणि २०१८ साली पुन्हा बाहेर आला. या सर्व काळात आपण त्याच्या देहावर पहारा ठेवला. त्याच्या मनाची तहकीकात कोणी केली?

बाई : मनाची तहकीकात अवश्य करा, पण आघातापासून आरंभ कराल तर एका प्रश्नाचे उत्तर तुम्हांला द्यावे लागेल. नवऱ्याने टाकलेल्या किती बाया १२५व्या कलमाखाली पोटगीचा अर्ज घेऊन माझ्या दारी आल्या! कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या पाठीवर वळ, कोणाचा नवरा दुसरीला घेऊन त्याच गल्लीत राहणारा. आघात म्हणाल तर या माणसाच्या आघाताहून तसूभर उणा नव्हता. त्यांच्यापैकी एकीनेही पुरुषांना गाठून गाठून मारले नाही. ज्या कारणापासून हजारोंच्या बाबतीत ते कार्य निपजत नाही, त्याला कारण कसे म्हणावे?

मी : कारण एकाकी नसते. एकच बी एका शेतात कुजते आणि दुसऱ्यात रुजते. आघात हे बीज, स्वभाव व परिस्थिती ही भूमी.

बाई : मग भूमीचे वर्णन करा. तुम्ही सगळेजण बीजाचेच वर्णन करता, आणि ते बीज म्हणजे काय, तर घर सोडून गेलेली एक स्त्री! पाहा मास्तर, या स्पष्टीकरणाने काय साधले. जिने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, ती या खटल्यातील पहिली आरोपी ठरली. ती का गेली, त्या घरात तिने काय सोसले, हे तिला कोणी विचारले का?

मी : मी तिला दोष देत नाही. घटना न्याय्य होती की अन्याय्य, हा प्रश्न निराळा. त्याच्या मनाला ती कशी भासली, एवढेच मी पाहतो.

बाई : कशी भासली हे तुम्हांला कळले कशावरून? पोलिसांच्या स्वाधीन असताना त्याने दिलेल्या जबानीवरून! पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबित करता येत नाही, हा या देशाचा दीडशे वर्षांचा कायदा आहे. जो शब्द न्यायालय पुरावा म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्यावर तुम्ही मनोविज्ञानाची इमारत उभारता.

या आक्षेपापाशी आमचा संवाद दीर्घकाळ अडला. मी म्हणत होतो की जबानी असत्य असली तरी असत्यातूनही मन प्रकट होते. त्या म्हणत होत्या की त्यातून ऐकणाऱ्याचेच मन अधिक प्रकट होते. अखेर याच निजामी मुलखातील एक जुने उदाहरण मला स्मरले.

मी : निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली ७१९ माणसांचे बळी आपल्या नावावर सांगतो, आणि मध्यंतरी १२ वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, अशी खंत करतो. त्याला पत्नीवियोगाची सबब लागत नाही. तो भवानीची आज्ञा, शकुन आणि प्रारब्ध पुढे करतो. ज्या ठगाने त्याच्या आईबापांचा घात केला, त्यानेच त्याला पुत्र म्हणून वाढवले, आणि पुढे अजाणता त्याच्या हातून सख्ख्या बहिणीचाच जीव गेला, असे कथानक आहे. आजचा वाचक त्या बालपणातच सर्व काही शोधील; अमीर अली स्वतः मात्र देवीचेच नाव घेतो. म्हणजे खुनी आपल्या कृत्याचा हेतू त्या त्या काळाच्या भांडारातून उचलतो. त्या काळी देवी होती. आज दुखावलेले मन आहे.

बाई : आता तुम्ही माझ्याच बाजूने बोलू लागलात. त्यात एवढीच भर घाला की ज्यांच्या जबान्यांवरून ठगांचा इतिहास लिहिला गेला, ते बहुतेक माफीचे साक्षीदार होते. साहेबाला जे ऐकावयाचे होते ते सांगण्यावर त्यांची मान फासातून सुटणे अवलंबून होते. कैफियत ही नेहमी कोणाच्या तरी पुढे दिलेली असते.

मी : तरीही मनाचा शोध व्यर्थ ठरत नाही. मुंबईत फुटपाथांवर आणि झोपड्यांत निजलेल्या गरिबांना मारणारा रमण राघव १९६८ साली सापडला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. परंतु उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले, त्याच्या भ्रमांची तपासणी झाली, आणि १९८७ साली ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. तेथे कायद्याने मनाचे ऐकले.

बाई : तेथे रोग होता, आणि रोगासाठी तेव्हाच्या दंडसंहितेच्या ८४व्या कलमाचे माप होते : आपण काय करतो, किंवा ते गैर आहे, हे जाणण्यास तो मनुष्य असमर्थ होता काय? रामुलूवरचा आरोप पाहा. ताडीच्या गुत्त्यावर, ज्याला इथे कल्लू कंपाउंड म्हणतात, तिथे एकटी बसलेली बाई हेरावयाची, पैशाचे आमिष दाखवावयाचे, निर्जन जागी न्यावयाचे, आणि जीव घेतल्यावर अंगावरचा ऐवज काढून घ्यावयाचा. कोणाला निवडू नये हे ज्याला नेमके कळते, त्याला आपण काय करतो हेही कळते.

मी : बाई, त्या निवडीपाशीच मला थांबावयाचे आहे. द्वेष समस्त स्त्रीजातीचा असता, तर तो कोणत्याही स्त्रीवर उलटला असता. हा मात्र मजुरी करून सायंकाळी गुत्त्यावर आलेल्या, जिच्या नाहीशा होण्याचा बोभाटा होणार नाही असे त्याला वाटले, तिच्याच वाटेला गेला. अमीर अलीनेही वाटसरू निवडले. गावापासून दूर असलेल्या माणसाची वाट कोण पाहतो, कुठवर पाहतो, हे ठगांना ठाऊक होते. रमण राघवाचे बळी तर उघड्यावर झोपणारे. हेतू तीन ठिकाणी तीन निघाले. बळीची जात मात्र एकच राहिली. म्हणून खुनी का मारतो यापूर्वी, तो इतके दिवस मारीत कसा राहू शकतो, हे विचारले पाहिजे.

बाई : समाजाला आरोपी केले की पिंजरा रिकामा राहतो, मास्तर. शिवाय तुमच्या या सिद्धांतात एक भोक आहे. तो शेवटी सापडला कसा? युसुफगुड्याकडून नाहीशा झालेल्या बाईच्या नवऱ्याने ठाण्यात तक्रार नोंदवली, घटकेसरच्या बाजूला रुळांजवळ प्रेत मिळाले, आणि तपास सुरू झाला. म्हणजे ती बेवारस नव्हती. तिची वाट पाहणारे घर होते.

मी : होते, पण ते त्याला दिसले नाही. तिला कोणी नाही, असे त्याने गृहीत धरले. त्याच्या मनाविषयी आपल्याला निश्चयाने सांगता येईल असे जर काही असेल, तर ते हे गृहीतक. कारण ते त्याच्या जबानीत नसून कृतीत आहे. आणि ते त्याने एकट्याने रचलेले नाही. गुत्त्यावर बसणाऱ्या बाईकडे पाहताना हे सबंध नगर तेच गृहीत धरते.

बाई : नगर धरते, पण नगर गळा आवळत नाही.

याला उत्तर देणे मला साधले नाही, आणि कोणास साधेल असेही मला वाटत नाही. हजारांतील एकाचाच हात का उठतो, हे गूढ वैद्यकाने आपल्या मार्गाने उकलावे. परंतु माझे म्हणणे त्या गूढावर अवलंबून नाही. पहिला खून कोणत्या आघातातून झाला हे न कळताही दुसरा, पाचवा आणि दहावा थांबवता येतो, आणि तो थांबवण्यास मनोविज्ञानाहून ठाण्याचे रोजनाम्याचे बुक अधिक उपयोगी पडते. मजुरी करणारी एखादी स्त्री रात्री घरी परतली नाही, असे सांगावयास जो कोणी ठाण्याची पायरी चढेल, त्याला ‘गेली असेल कोणाबरोबर’ असे उत्तर न मिळता त्याच दिवशी तिचे नाव, वर्णन आणि शेवटचे ठिकाण नोंदले जावे. इतर ठाण्यांतील नोंदींशी ते ताडून पाहिले जावे. आणि अनोळखी म्हणून दफ्तरदाखल होणाऱ्या प्रत्येक प्रेताला त्याचे नाव मिळेपर्यंत तपास बंद होऊ नये. खुन्याची कैफियत ऐकण्यास आपण जेवढे आतुर असतो, त्याच्या निम्म्याने जरी या फिर्यादी ऐकल्या, तरी असल्या मनुष्याचे आयुष्य लिहिण्याची वेळ क्वचितच येईल.