दुसरा तांब्या

अच्छाडला हायवेच्या कडेला एका टपरीवर चहाला थांबलो होतो. गुजरातची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. शिमगा जवळ आलेला, दिवस कलता. मावशी टपरी आवरत होत्या. तीन दगडांच्या चुलीतून त्यांनी अर्धवट जळलेली लाकडं बाहेर ओढली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं, धूर उठला, विरला. मला वाटलं, संपलं काम. मावशी मात्र उकिडव्या बसल्या आणि पोराचा ताप बघावा तसा हाताचा उलटा पंजा त्या राखेवर धरला. "हाय अजून," म्हणाल्या, आणि दुसरा तांब्या भरून आणला.

टपरीच्या मागे लगेच गवत सुरू होत होतं. तलासरी-डहाणूच्या माळांवर हे गवत पावसाळ्यात कमरेला लागतं. त्यातलं बरंच कापून, गठ्ठे बांधून तबेल्यांकडे जातं. उरतं ते फाल्गुनापर्यंत कडकडीत वाळतं. त्यात सागाचा पाला. मग विडीचं एक थोटूकही पुरतं. आपल्याकडचा वणवा आभाळातून क्वचितच पडतो, बहुतेक वेळा तो माणसाच्याच हातून सुटतो. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कुणाच्या शेतात राब भाजायचा असतो. दोन्ही कामं पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यात वाईट हेतू नसतो. जाणता माणूस आधी कडेचा पाला ओढून घेतो, वारा पडायची वाट बघतो, हातात ओली डहाळी घेऊन उभा राहतो. वनखातंही उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच साफ करून ठेवतं, की आग आली तरी तिथे थांबावी. पण हे सगळं पेटण्याच्या बाजूचं. विझवण्याच्या बाजूला मावशींचा तो पंजा.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचं उदाहरण फार जुनं नाही. 2025 च्या 1 जानेवारीला तिथल्या डोंगरात लहानशी आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली. पण तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे ती जमिनीखाली, झुडपांच्या मुळांशी धुमसतच राहिली. 7 जानेवारीला जोराचा वारा सुटला आणि हजारो घरं गेली. एवढे बंब, एवढी माणसं, तरी विझलंय असं वाटणं आणि खरंच विझणं यात सहा दिवसांचं अंतर पडलं. वरून राख थंडच दिसते.

घरातही असंच चालतं. रात्री दोन शब्द जास्त जातात. मग कुणीतरी "जाऊ दे" म्हणतं आणि दिवा मालवून दोघंही कूस बदलतात. हा पहिला तांब्या. तो ओतायलाही मन लागतं, हे कबूल. पण सकाळी डबा भरताना भांडं जरा जोरात आपटलं जातं, तेव्हा कळतं, खाली ऊब आहे.

कामावर निघताना गॅसचा कॉक आपण बघतोच. आज कालच्या बोलण्यावरही एकदा पंजा धरून बघा. कोमट लागलं, तर दुपारी एक फोन करा.