‘नी’ची घंटा



धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांसाठी आपण आठ रंगीत हातघंटा घेतल्या, हे तुम्हांला ठाऊक असेल. सभागृहाशेजारी राहणाऱ्यांना तर नक्कीच ठाऊक आहे. प्रत्येक घंटेतून एकच स्वर निघतो. लाल घंटेचा सा, पुढे रे, ग, म असे करत वरच्या सापर्यंत. या घंटांसाठी छापून काढायचे तक्ते मिळतात. गाण्याच्या शब्दांवर रंगीत ठिपके असतात. आपला रंग आला की घंटा हलवायची. सरगम न शिकलेले सहा वर्षांचे मूलही पहिल्याच दिवशी गाण्यात सामील होते. (तक्त्याची साधी झेरॉक्स मात्र काढू नये. आम्ही काढली आणि सगळे ठिपके काळे आले. तेव्हापासून ठिपक्यांत आकडेही लिहितो.)

पहिले गाणे मी निवडले ‘ट्विंकल ट्विंकल’. सर्वांना येते म्हणून. आठ मुले ओळीत उभी केली, तक्ता भिंतीवर लावला. गाणे छान झाले. संपल्यावर ‘नी’ची घंटा धरलेला मुलगा म्हणाला, “फादर, माझी वाजलीच नाही.”

मी म्हणालो, “बाळा, वाट पाहणे हाही संगीताचाच भाग आहे.” उत्तर मला बरे वाटले. संत पौलाचा शरीराचा आणि अवयवांचा दृष्टान्तही जोडून दिला.

रात्री तक्ता घेऊन बसलो आणि ठिपके मोजले. एकूण 42. प 10 वेळा, म आणि ग 8-8 वेळा, खालचा सा आणि रे 6-6 वेळा, ध 4 वेळा. नी आणि वरचा सा एकदाही नाही. वरचा सा धरलेली मुलगी तर काही बोललीसुद्धा नव्हती.

ज्याची पाळी येणार असते, तो वाट पाहतो. या दोघांची पाळी कागदावरच नव्हती. माझी आठांची ओळ पुरी व्हावी म्हणून ती तिथे उभी होती. पौलाच्या दृष्टान्तात दुबळा अवयवही शरीराला हवा असतो. या गाण्याला नी नकोच होता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कांट घोकला होता: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. परीक्षेत ते लिहिणे सोपे होते.

पुढच्या रविवारी तक्ता काढून टाकला. मुले गडबडली. दहा वेळा वाजवणाऱ्या ‘प’ला आपल्याआधी कोण येते, ते सांगता येईना. तिने आठवडाभरापूर्वी फक्त आपला रंग शोधला होता. मात्र नीवाला आणि वरच्या सावाली, दोघे बोट दाखवून एकेकाला सांगू लागले: आता तू, पुन्हा तू, आता ती. अख्खे गाणे त्यांनी चालवले. त्यांना स्वतःचा ठिपका शोधायचा नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यांचे ऐकले होते. संगीतावरील आपल्या ग्रंथात संत ऑगस्टीन विचारतात, नाइटिंगेल पक्षी गोड गातो, पण त्याला संगीत कळते का? त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते मला त्या दिवशी समोर दिसले.

मग मी नकळत बरोबरच केले, असे म्हणायचा मोह होतो. पण वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा खिडकीतून धडा शिकला, तर श्रेय शिक्षकाचे नव्हे. आपल्या घरांतही हे घडते. धाकट्यांना शिकता यावे म्हणून थोरल्या बहिणीची शाळा सुटते, आणि पुढे आपण कौतुकाने म्हणतो, “किती समंजस झाली!” समंजसपणा तिने कमावला. शाळा आपण सोडवली. पहिल्याचे कौतुक करताना दुसरे झाकले जाते, आणि तिच्याजवळ तो विषय काढायचे राहून जाते.

नाताळसाठी ‘जॉय टू द वर्ल्ड’ घेतले आहे. आयझॅक वॉट्स यांचे हे गीत 1719 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या चालीची पहिली ओळ वरच्या सापासून एकेक पायरी खाली उतरते: आठ स्वर, आठ घंटा, प्रत्येक एकदा. पुढे पुन्हा कमी-जास्त होतेच, म्हणून सरावात घंटांची अदलाबदल करू. सराव दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर. रंगीत प्रिंट काढून देणारे कोणी असल्यास कृपया भेटावे.

नाताळच्या दिवशी पहिल्या दोन घंटा कोणाच्या हाती असतील, ते मी ठरवून टाकले आहे.