पोळ्यातील वाटा

मध माणसाला निर्माण करता येत नाही. तो फक्त काढून घेता येतो. म्हणूनच मधाबरोबर एक नैतिक प्रश्नही आपल्या घरात येतो. ज्याच्या घडणीत आपला हात नाही, त्यातून आपण किती घ्यावे? आणि ज्या जिवाचा आपल्याला काहीच उपयोग नाही, त्याचेही आपण काही देणे लागतो काय?

मधमाशी मध साठवते ती आपल्यासाठी नव्हे. ज्या दिवसांत रानात फूल नसेल, त्या दिवसांची ती बेगमी असते. ऐन हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. एवढ्या काळात तिच्या श्रमातून जमणारा मध चहाच्या चमच्याच्या तळालाही पुरत नाही. त्यातही बराचसा ती पुढच्या पिढीसाठी ठेवून जाते. पोळे ही अशा असंख्य लहान आयुष्यांची ठेव आहे.

ही ठेव घेण्याच्या दोन रीती आहेत. सातेरी माशी पेटीत नांदते. पेटीची खालची कोठी अंडी-पिल्लांची, वरची मधाची. जाणता मधपाळ वरच्या कोठीतील पिकलेला मध काढतो, खालच्या कोठीला हात लावत नाही आणि टंचाईच्या दिवसांपुरते वरही काही राखतो. आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. उंच झाडाला वा कड्याला तिचे एकच मोठे पोळे लोंबते. रात्री पेटता पलिता लावून माश्या जाळायच्या आणि अंड्या-पिल्लांसकट सारे पोळे पिळायचे, ही तिचा मध काढण्याची जुनी रीत. वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. त्याच वर्ध्याच्या परिसरात पुढे आग्या माशीचा मध अहिंसक रीतीने काढण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले. अंगभर संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिलावा तसाच ठेवायचा. माश्या तो भाग पुन्हा भरून काढतात.

येथे कोणी म्हणेल, मग ही नीती कसली? हा तर शहाणा व्यवहार झाला! आक्षेप खरा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे : वाटेत पाखराचे घरटे आढळले, तर पिल्ले घे, पण त्यांच्याबरोबर आईला धरू नकोस. घेण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच वाक्यात तिला मर्यादाही घातली आहे. परंतु जेथे राखण्यात आपला फायदाच नसतो, तेथेच या मर्यादेची खरी परीक्षा होते.

हिंगोली जिल्ह्यात ही परीक्षा स्पष्ट दिसते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आज सोयाबीन आणि हळद यांचा. वसमतची हळद दूरवर जाते. पण हळद कंदापासून लावतात, आणि सोयाबीनचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. या दोन्ही पिकांना मधमाशीची फारशी गरज नाही. सूर्यफुलाच्या शेतकऱ्याला माशी हवी असते. येथे तिच्यावाचून अडत नाही. सोयाबीनच्या ओळींमधली तूर फुलते तेव्हा माश्या तिच्यावर येतात. नेमक्या त्याच वेळी शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावी लागते. अळी सोडून द्या, असे कर्जाखाली वाकलेल्या शेतकऱ्याला सांगणे निर्दयपणाचे होईल. माणूस आधी की माशी, हा त्याचा प्रश्न उद्धट नाही.

पण बहुतेक वेळा निवड इतकी टोकाची नसते. फवारणी अगदी टाळता येत नसेल, तर ती माश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळी करता येते. शेजारी कोणाच्या मधपेट्या असतील, तर त्याला आदल्या दिवशी सांगता येते. बांधावरची बाभूळ, चिंच वा कडुलिंब न तोडता ठेवता येतो. यात थोडी गैरसोय होईल, क्वचित थोडे नुकसानही होईल. माशीचे देणे म्हणतात ते एवढेच आहे, आणि त्याची पावती कोणी देणार नाही.

याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा घरोघरी सांगतात. कुत्र्याकडून त्यांना काय मिळणार होते? गेलेल्या पोळीचा हिशेब त्यांनी मांडला नाही. ती कोरडी गेली, याची खंत केली.

आपल्या उपासनेतही मधमाशीची आठवण आहे. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत नवी मेणबत्ती पेटवल्यावर जे स्तुतिगान गातात, त्यात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख येतो. देवापुढे अर्पण करताना ख्रिस्तसभा त्या मुक्या कामकऱ्यांना विसरत नाही. आज बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात, तरी गीतातील तो उल्लेख कायम आहे. माशीच्या मेणाची गरज सरली, म्हणून तिच्याविषयीची कृतज्ञता सरली नाही. हळद-सोयाबीनच्या शिवारात आणि आपल्या अंगणातही हाच न्याय लागू करता येईल. ज्याचा आपल्याला उपयोग नाही, त्याच्यासाठीही वाटा बाजूला ठेवावा. कारण सृष्टीच्या या घरात आपणही वाटेकरीच आहोत, धनी नव्हे.